फॉरमॅट मारण्याआधी

मे महिन्यात दुपारी लाइट जाणं ही नागपूरच्या इतवारीत काही बातमी नाही. पण किराणा ओळीतल्या एका काकांच्या दुकानात त्या दिवशी लाइट गेली तेव्हा लॅपटॉपवर अपडेट चालू होतं. लॅपटॉप नऊ वर्षांचा. बॅटरी कधीचीच मेलेली, चार्जरची पिन हलली तरी मशीन बंद. अर्ध्या तासाने लाइट आली, लॅपटॉप सुरू झाला, बिलंही निघाली. संध्याकाळी नवा प्रिंटर जोडायला गेले आणि मला फोन आला.

"भाऊ, लॅपटॉप गेला. काहीच इन्स्टॉल होऊन नाही राह्यलं. लाल अक्षरात ई येते. बर्डीवरचा पोरगा म्हणते, फॉरमॅट मारावं लागते."

"काका, ई च्या पुढे काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे सारं."

"अक्षरं लावून वाचा, घाई नाही."

त्यांनी वाचलं. डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन, मग सुडो डीपीकेजी आणि पुढे काहीतरी, आणि शेवटी टू करेक्ट द प्रॉब्लेम. काम मध्येच तुटलं आहे, अमुक आज्ञा द्या म्हणजे दुरुस्त होईल, असं मशीन स्वतः सांगत होतं. आजारही त्यात होता आणि औषधाची चिठ्ठीही. पण लाल अक्षर दिसल्यावर पुढचं कोण वाचतो?

मी धंद्याने इंजिनीअर नाही. इतवारीत चार-पाच दुकानांचे हिशेब लिहितो आणि त्या निमित्ताने त्यांचे लॅपटॉपही माझ्याच गळ्यात पडतात. गेल्या काही महिन्यांत हे फोन वाढले. कारण साधं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला जुने प्रोसेसर चालत नाहीत. चांगला चालता लॅपटॉप भंगारात कोण देणार? मग कुणाच्या कॉलेजातल्या मुलाने, कुणाच्या भाच्याने त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून दिलं. टाकलं ते बरंच केलं. पण मुलगा पुण्याला गेला, भाचा बंगलोरला, आणि अपडेट अडकलं की इथे दुकानात विचारायला कोणी नाही. त्या दुकानदारांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी, आणि ज्यांनी कुणाच्या तरी भरवशावर लिनक्स घेतलं त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. फॉरमॅट मारायला निघण्याआधी अर्धा तास द्या आणि मशीन काय म्हणतंय ते एकदा वाचा.

आता हे अडकतं कसं ते आपल्या बाजाराच्या भाषेत सांगतो. तुम्हाला माल हवा असला की तुम्ही अडत्याला सांगता. कुणाकडे आहे, त्याच्यासोबत आणखी काय लागेल, बिल्टीवर सही-शिक्का खरा आहे का, हे सगळं तो पाहतो. उबुंटू आणि मिंटमध्ये या अडत्याचं नाव अ‍ॅप्ट. माल दुकानाशी आला की पोती उतरवणारा, थप्पी लावणारा आणि वहीत नोंद करणारा वेगळा. त्याचं नाव डीपीकेजी. दोघंही डेबियन या प्रणालीतून आले. डेबियन इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. डीपीकेजी तिच्या पहिल्या दिवसांतला गडी, अ‍ॅप्ट १९९९ च्या आवृत्तीपासून सोबतीला आला. म्हणजे तुमच्या गल्ल्याशेजारी बसलेली ही जोडी पाव शतक जुनी आहे. अशा किती लाइटी गेलेल्या त्यांनी पाहिल्या असतील!

डीपीकेजीचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी पोती उतरवायची, मग ती जागेवर लावून वहीत 'लागलं' असं लिहायचं. लाइट या दोन्हींच्या मध्ये गेली तर पोती दारातच पडून राहतात आणि वहीत 'अर्धवट' असा शेरा राहतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा माल मागवलात, तर गडी म्हणतो, दारातला आधी आत घेऊ द्या. यात बिघाड काही नाही, ही शिस्त आहे. तुमचे फोटो, बिलं, जीएसटीच्या फायली यांना धक्काही लागलेला नसतो. त्या वेगळ्या खोलीत असतात.

काकांना मी फोनवर सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे, तुम्ही मात्र रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात एस, यू, डी, ओ म्हणजे सुडो. जागा सोडा. डी, पी, के, जी. जागा सोडा. दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर. जागा सोडा. एक आडवी रेघ आणि तिला चिकटून ए. एंटर. म्हणजे दिसायला असं: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए.

इथे पासवर्ड विचारतात आणि इथेच निम्मे लोक अडतात. "भाऊ, कीबोर्डही गेला वाटते, काहीच उमटून नाही राह्यलं." कीबोर्ड गेलेला नसतो. बऱ्याच ठिकाणी पासवर्ड टाइप करताना ठिपकासुद्धा दिसत नाही. न दिसताच टाइप करायचा आणि एंटर मारायचं.

मग ओळी धावायला लागतात. सेटिंग अप अमुक, सेटिंग अप तमुक. ही दारातली पोती आत जात आहेत. मध्येच एखादा प्रश्न येऊ शकतो की अमुक सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ? कळत नसेल तर नुसतं एंटर मारा, तुमची जुनी राहते. हे झालं की दुसरी आज्ञा: सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. एखाद्या मालासोबत लागणारा दुसरा माल यायचा राहिला असेल तर तो ही आणते. मग सुडो अ‍ॅप्ट अपडेट आणि सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड. काकांचं काम एवढ्यात झालं. चहा यायला जास्त वेळ लागला असता.

सगळ्यांचं इतक्यात होत नाही, म्हणून थोडं पुढचं.

दुसरा नेहमीचा फोन कुलपाचा. कुड नॉट गेट लॉक असं काहीतरी लिहून येतं. म्हणजे वही सध्या दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे सुरक्षेची अपडेट मागच्या मागे टाकणारी मशीनचीच सोय असते. सकाळी दुकान उघडून लॅपटॉप लावला की पहिली काही मिनिटं ती काम करत असते. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तरीही सुटलं नाही तर लॅपटॉप नीट रीस्टार्ट करा, बटण दाबून मारू नका. यावर जिथे तिथे एक उपाय सांगितला जातो की लॉकची फाईल डिलीट करा. कृपा करून ते करू नका. ती फाईल म्हणजे नुसती कडी आहे. ती उपटली म्हणून आतला माणूस बाहेर जात नाही, उलट दुसराही आत शिरतो आणि एकाच वहीत दोघं लिहायला लागतात. मी दोनदा निस्तरलेले खरे मोठे घोटाळे असेच झाले होते. दोन्ही वेळा लाइट गेली नव्हती, कुणाला तरी घाई झाली होती.

तिसरा जागेचा. नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डीएफ -एच ही आज्ञा द्या आणि ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ आहे तिच्यातला टक्का पाहा. शंभर असेल तर कारण सापडलं. सुडो अ‍ॅप्ट क्लीन दिलं की आधी मागवलेल्या मालाचे रिकामे खोके जातात, त्याने कुठलंच सॉफ्टवेअर उडत नाही. एखाद्या दुकानात मात्र खरं कारण लग्नाचा व्हिडिओ असतो, चाळीस जीबीचा. तो पेनड्राइव्हवर न्या. कधी बूट नावाचा वेगळा छोटा कप्पा भरलेला असतो. त्यात कर्नलच्या जुन्या आवृत्त्या साठतात. त्यासाठी सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह आहे. त्या फायली हाताने पुसायला जाऊ नका. गडी वहीत 'आहे' म्हणून बसेल आणि जागेवर काही नसेल, मग तो हिशेब जुळवता जुळवता रात्र होते.

चौथं कारण मला फार आवडतं, कारण त्याचा इलाज घड्याळाच्या दुकानात मिळतो. एका सराफांच्या मुनीमजींच्या लॅपटॉपवर अपडेट म्हणत होतं की बिल्टी अजून वैधच नाही, लागू व्हायला वेळ आहे. आज आलेली बिल्टी उद्याची कशी? कोपऱ्यात तारीख पाहिली तर मशीन मागच्या वर्षात होतं. आतला छोटा गोल सेल संपला होता, बंद केलं की घड्याळ मागे जायचं. त्या जुन्या तारखेला आजची बिल्टी भविष्यातली वाटणारच. तारीख हाताने नीट केली, अपडेट लगेच चाललं. पुढे सेल बदलून घेतला. लॅपटॉपात तो बहुतेकदा वायरसकट असतो, म्हणून मशीन उघडणाऱ्याकडूनच तो बदलून घ्यावा. मुनीमजी म्हणाले, "आमच्याकडे तारीख चुकली तर वही परत लिहितात." मशीनचंही तेच म्हणणं होतं.

आता बाहेरच्या मालाबद्दल. उबुंटू किंवा मिंटच्या स्वतःच्या गोदामाशिवाय आपण इतर ठिकाणांहूनही सॉफ्टवेअर घेतो. कुणी ब्राउझर घेतो, कुणी दूरून मशीन चालवायचं साधन, कुणी प्रिंटरचं काही. प्रत्येकाची वेगळी गोदामं यादीत चढतात. वर्ष-दोन वर्षांनी त्यातलं एखादं बंद पडतं, एखादं आपला शिक्का बदलतं आणि आपल्याकडे जुन्या शिक्क्याचा नमुना राहतो. मग अपडेट करताना पब्लिक की नाही, सही पटत नाही, अशी ओरड होते. सॉफ्टवेअर सोर्सेस नावाची खिडकी उघडा आणि ज्या ओळीत ओरड होते त्या गोदामापुढची खूण काढा. बाकीचं अपडेट पार पडेल. नंतर ते साधन खरंच लागतं का, याचा निवांत विचार करा. माझा अनुभव असा की दहांतली सहा तरी लागत नाहीत.

मशीनवर टाकलेली आवृत्तीच मुदतीबाहेर गेली तर सगळीच गोदामं एकदम 'सापडलं नाही' म्हणतात. उबुंटूच्या दर सहा महिन्यांनी येणाऱ्या मधल्या आवृत्त्या नऊच महिने चालतात. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं आधार असतो. दुकानात एलटीएसच असावी. भाच्याने हौसेने नवीनतम टाकून दिली असेल तर त्याला फोन करून प्रेमाने झापा. शिकाऊ पोरांनाही एक विनंती आहे. वडिलांच्या मशीनवर पायथनची नवी आवृत्ती टाकून तीच मुख्य करू नका. अडत्याची काही अवजारं आधीच्या पायथनवर चालतात, ती मग आपले सुटे भाग शोधत बसतात. शिकायला वेगळी जागा करता येते, पायथनमध्येच ती सोय आहे.

सगळ्यात जास्त जपायची जागा एका प्रश्नाची आहे. अ‍ॅप्ट काम सुरू करण्याआधी यादी दाखवतं की हे नवं येणार, हे बदलणार, हे काढणार, आणि मग विचारतं, होय की नाही? आपल्याला होय दाबायची सवय लागली आहे. मोबाइलवर दिवसातून वीस वेळा दाबतो. इथे 'काढणार' या यादीकडे बघा. एक-दोन अनोळखी नावं असतील तर चालतं. पण त्यात डेस्कटॉप असा शब्द असलेली नावं असतील, यादी चार-पाच ओळींच्या पुढे गेली असेल, तर एन दाबा आणि थांबा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन यांनी कॅमेऱ्यासमोर खेळांचं एक सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. चूक पॅकेजच्या बाजूची होती. अ‍ॅप्टने बजावलंही की यात महत्त्वाच्या गोष्टी निघून जातील, खात्री असेल तर 'येस, डू अ‍ॅज आय से' असं अख्खं वाक्य टाइप करा. त्यांनी ते टाइप केलं आणि सगळा डेस्कटॉप उडाला. त्यानंतर अ‍ॅप्टने तो रस्ता आणखी अवघड केला. ज्याचा धंदाच कम्प्युटर, त्याच्या हातून हे झालं. आपण तर हळद-धने विकणारी माणसं.

भाषेचा अडथळा खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. पण अ‍ॅप्टचे संदेश मराठीतही आलेले आहेत, हे कमी लोकांना माहीत असतं. मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती प्रकल्पातल्या मंडळींनी ते काम करून ठेवलं. मशीनची भाषा मराठी ठेवली की निदान काही ओळी आपल्या भाषेत दिसतात. बाहेरगावच्या कुणाला विचारायचं असेल तर संदेशाचा फोटो पाठवा, आणि तो पहिल्या ओळीपासूनचा असू द्या. लोक शेवटची ओळ पाठवतात. शेवटच्या ओळीत नुसतं रडणं असतं, मुद्दा वर असतो.

मशीन सुरूच होत नसेल तर? तिथेही दार आहे. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबत राहिलात की एक यादी येते. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात कंसात रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ. पुढच्या छोट्या यादीत डीपीकेजी असा पर्याय असतो, तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करणारा. तो निवडा. आणि वहीच फाटली असेल तरी धीर सोडू नका. डीपीकेजीच्या वहीच्या जुन्या नकला व्हार नावाच्या फोल्डरातल्या बॅकअप्समध्ये आपोआप ठेवलेल्या असतात. त्या लावायचं काम मात्र जाणत्याकडून करून घ्या. फोनवर सांगण्यासारखं ते नाही.

फॉरमॅट मारावंच लागतं, अशी एक वेळ मी मान्य करतो. इनपुट-आउटपुट एरर असं वारंवार येत असेल, मशीन अचानक फक्त वाचू देत असेल आणि लिहू देत नसेल, तर बहुधा दोष अपडेटचा नाही, डिस्क मरायला टेकली आहे. तेव्हा दुरुस्तीच्या आज्ञा देत बसू नका. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं तो लावा, त्यावरूनच मशीन सुरू करा, आपल्या फायली दुसरीकडे उतरवा आणि मग डिस्क बदला. बाकी वेळी फॉरमॅट म्हणजे आपली मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी इडापिडा तिच्या डोक्यावर घालून गावाबाहेर जाळून येतो, तसं. मारबतीसोबत फक्त पीडा जाते. फॉरमॅटसोबत तीन वर्षांची बिलं जातात.

आणि वेळ पाहून अपडेट करा. जीएसटीची ११ तारीख आणि २० तारीख, त्यांच्या आदल्या दिवशी अपडेटला हात लावू नका. ३१ मार्चच्या आठवड्यात तर नाहीच. बॅटरी मेलेली असेल तर नवी घाला, नाहीतर लॅपटॉपची पिन दुकानाच्या इन्व्हर्टरवर घ्या. मिंट असेल तर त्यात टाइमशिफ्ट आहे. तो मशीनचा कालचा फोटो काढून ठेवतो आणि अपडेट अंगाशी आलं तर तिथपर्यंत मागे नेतो. तो फक्त मशीनचा फोटो असतो, तुमच्या बिलांचा नाही. बिलांची नक्कल दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुकानात ठेवू नका, घरी न्या.

किराणा ओळीतल्या काकांनी बॅटरी बदलली. बिलबुकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी त्या चार आज्ञा हिंदी वळणाच्या देवनागरीत लिहून ठेवल्या आहेत, प्रत्येक जागा सोडायच्या ठिकाणी एक टिंब देऊन. परवा त्यांचा फोन आला.

"भाऊ, अपडेट दिलं. ई नाही आली. पण खाली चार शून्य लिहून आले. काही गडबड तर नाही?"

"काय लिहिलंय त्यांच्यापुढे?"

"शून्य अपग्रेडेड, शून्य न्यूली इन्स्टॉल्ड, शून्य टू रिमूव्ह, आणि शून्य नॉट अपग्रेडेड."

"म्हणजे काही आणायचं नाही, काही काढायचं नाही, उधारीही नाही काका."

"अस्सं. मला वाटलं, बोहनीच नाही झाली."